आलेप्पीचे डास आणि बाबांचा पाय

पाण्याची मला नवलाई नाही. माझं माहेर देवबागचं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर माडांच्या सावलीत आमची घरं. अंगणात उभं राहिलं की दोन्हीकडचं पाणी ऐकू येतं. अशा बाईने दुसऱ्या गावच्या पाण्याचं वर्णन लिहायला बसावं, याची माझी मलाच गंमत वाटते. पण मालवणातून आलेप्पीला जाऊन आलेले म्हणजे गलबतावरचे खलाशी, आणि खलाशी घरी येऊन काही सांगत नाहीत. मी शाळामास्तरीण. मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गोवा मोकळा झाला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नाताळच्या सुटीला जोडून मी रजा काढली आणि बाबांना घेऊन निघाले.

देवबाग

बाबा तरुणपणी फत्तेमारीवर खलाशी होते. मुंबईहून माल भरून मलबारात न्यायचा आणि येताना काथ्या, मिरी, सुपारी आणायची, असं ते गलबत वर्षातले आठ महिने वाऱ्यावर असायचं. एका खेपेला आलेप्पीच्या बंदरात बाबांना ताप भरला. पावसाळा तोंडावर आलेला, तांडेलाला, म्हणजे गलबताच्या म्होरक्याला, परतायची घाई. त्याने बाबांना तिथल्या एका होडीवाल्याच्या घरी ठेवलं आणि शीड वर चढवलं.

त्या होडीवाल्याचं नाव कुंजुरामन. वयाने बाबांच्याच बरोबरीचा. त्याने आणि त्याच्या आईने या परक्या पोराला अख्खा पावसाळा सांभाळलं. घराला लागून कालवा, त्यामुळे डास उदंड. म्हातारीने आपली नेसायची दोन मुंडं, लुंगीसारखी वस्त्रं, एकमेकांना शिवली, त्यांची मच्छरदाणी केली आणि ती आजाऱ्यावर टांगली. मायलेक धुराशेजारी उघड्यावर झोपले. नारळी पौर्णिमेनंतर पहिलं गलबत लागलं तेव्हा बाबा घरी परतले.

ही गोष्ट बाबांनी आम्हाला किती वेळा सांगितली असेल. पुढची गोष्ट मात्र ते सांगत नसत, ती आई सांगायची. मी शाळेत असताना बाबांचा उजवा पाय सुजायला लागला. आधी घोटा, मग पोटरी. मधूनमधून ताप येई, पाय लालबुंद होई, ताप उतरला की सूज थोडी उतरे, पण पहिल्याइतकी कधीच नाही. होता होता पाय माडाच्या बुंध्यासारखा झाला. हत्तीपाय. आईचं म्हणणं ठाम होतं, की हे त्या आलेप्पीच्या डासांचं काम. मालवणच्या डॉक्टरांनी एकदा तिला समजावलं होतं, की हा रोग आपल्या किनाऱ्यावरही आहे आणि कुठल्या गावचा डास कधी चावला हे देवालाही सांगता यायचं नाही. आईने ऐकून घेतलं, पण मत बदललं नाही. बाबा गप्प राहत. पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत फडकं गुंडाळायचे, वर लांब धोतर सोडायचे. लग्नकार्यात भिंतीशी जागा धरून पाय पोटाशी घेऊन बसायचे.

त्या वर्षी तापाच्या पाळ्या वाढल्या. एका सकाळी न्याहारीची पेज पिता पिता बाबा म्हणाले, "माका एकदा आलेप्पीक जावन येवक व्हया."

आई चुलीपुढून उठलीच. "कित्या? दुसरो पाय देवक?"

"कुंजू जितो आसा काय ता बघूक. अजून चलतंय मी, तवसर."

आईने दोन दिवस भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी तिने ट्रंक बाहेर काढली. तिच्यात करंजेलाची बाटली, माझ्या सासूबाईंकडून मागून आणलेली मच्छरदाणी, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि बाबांचे लांब बाह्यांचे सदरे भरले. मला बाजूला घेऊन म्हणाली, "शांते, सूर्य बुडाच्या आधी दोघांनी तेल लावचा. पाण्याच्या कडेक बसाचा नाय. थयल्या डासांका रगत पाजून येव नको."

एर्नाकुलम ते आलेप्पी

आंबोलीचा घाट, बेळगाव, तिथून पुढची आगगाड्यांची अदलाबदल, हे सगळं वगळते. दोनच गोष्टी सांगते. हुबळीनंतर डब्यात एक सभ्य कुटुंब चढलं. झोपेत बाबांचं धोतर सरकलं आणि फडकं सुटलं. समोरच्या बाईने आपल्या मुलीला उचलून पलीकडच्या बाकावर नेलं. बाबा जागे झाले, त्यांनी पाहिलं, फडकं नीट बांधलं आणि उरलेला प्रवास पाय बाकाखाली सरकवून काढला. शिवाय माझी करंजेलाची बाटली ट्रंकेत फुटली. आमचे सगळे कपडे त्या उग्र वासाचे झाले. पुढे जिथे जाऊ तिथे आमच्या आधी आमचा वास पोचायचा.

एर्नाकुलमला सकाळी आलेप्पीची मोटरबोट धरली. इथून आमचा खरा प्रवास सुरू झाला असं मी धरते.

खाडी म्हणजे काय, हे मला माहीत आहे असं मी समजत होते. वालावलच्या देवळाजवळ आमची कर्ली रुंदावते, तेव्हा लहानपणी मी तिला समुद्र म्हणायचे. पण हे पाणी संपेचना. दोन्ही काठ लांब लांब जात राहिले, मग एक काठ दिसेनासा झाला आणि आम्ही आभाळाच्या मधोमध तरंगू लागलो. ना लाट, ना आवाज. पांढरे बगळे पाण्यावर उभे होते. जवळ गेल्यावर कळलं, की ते पाण्यात रोवलेल्या बांबूंवर बसलेत.

मग शेतं आली. मी आधी नीट पाहिलं नाही. बोटीच्या काठाला मातीचा बांध लागला होता आणि बांधापलीकडे भातशेती होती. पण ती शेती खाली होती. आमची बोट वर आणि भात खाली, परसातल्या विहिरीत वाकून पाहावं तसं मी वाकून हिरवंगार भात पाहिलं. मधे फक्त चिखलाचा एक बांध. बांधावर माणसं ओळीने बसून लाकडी चक्र पायांनी फिरवत होती आणि शेतातलं पाणी उपसून वर खाडीत टाकत होती. माझे हात कठड्यावर घट्ट झाले. आमच्याकडे खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गाव मिळून बांध घालतो आणि त्या एवढ्याशा बांधाची वर्षभर काळजी वाहतो. इथे माणसांनी पाण्याच्या तळातून जमीन उचलून घेतली होती आणि तिच्यावर भात पिकवलं होतं.

"बाबा, बघितलात?"

"माका काय बघूक सांगतंस," बाबा म्हणाले. "मी तेव्हा रडलंय ह्या बघून."

शेजारून तांदळाने भरलेलं एक मोठं वळ्ळम गेलं. वळ्ळम म्हणजे तिथली लांब होडी. तिच्यावर वेताच्या चटयांचं छप्पर, पाठीमागे लांब काठी रेटणारा काळाभोर माणूस. बाबा उठून उभे राहिले. "फळ्यो बघ. खिळो नाय एक. सगळा काथ्यान शिवलेला आसा." खरंच, फळीला फळी सुंभाने शिवलेली, कापड शिवावं तशी. एवढं ओझं आणि एवढं पाणी त्या शिवणीवर विसंबून होतं.

एका थांब्यावर बोटीत माणसं चढली. एक म्हातारी, डोक्यावर टोपली. तिचा डावा पाय बाबांच्या पायासारखाच. तिने तो उचलून बोटीत ठेवला, मग दुसरा ठेवला, आणि बसून शेजारणीशी बोलू लागली. पुढच्या थांब्यावर एक तरुण चढला, त्याचे दोन्ही पाय तसे. कुणी सरकलं नाही. कुणी मुलं उचलली नाहीत. तिकीटवाल्याने त्या तरुणाचा पाय ओलांडून पुढे जाताना नुसतं काहीतरी म्हटलं आणि दोघे हसले. मी बाबांकडे पाहिलं नाही, पण ते काय पाहताहेत हे मला कळत होतं.

आलेप्पी, बोटीच्या धक्क्याजवळ

आलेप्पी हे जुन्या व्यापाराचं गाव. रस्त्यांच्या जागी कालवे आहेत असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, कारण रस्तेही आहेत. पण गावाची खरी रहदारी पाण्यावरून. दोन मोठे कालवे गावाच्या पोटातून समुद्राकडे जातात, त्यांच्यावर कमानीचे पूल, दोन्ही काठांना वखारी. वखारींच्या दारांतून मिऱ्याचा, सुंठीचा आणि सुकल्या काथ्याचा वास बाहेर येतो. काथ्याच्या लडी भरलेल्या होड्या एकीला एक लागून इतक्या उभ्या होत्या, की पाणी दिसत नव्हतं. सोनेरी गवताचं शेतच जणू हलत होतं. मी पुलावर उभी राहिले ती हललेच नाही. बाबांनी हाताला धरून चालतं केलं.

धक्क्याजवळच्या लॉजमध्ये उतरलो. मालकाने काही वर्षं मुंबईत काढली होती, त्याला हिंदी येत होतं. सूर्य कलला आणि मी आईच्या आज्ञा आठवून कामाला लागले. तेल तर गेलंच होतं; पण बाबांचा सदरा तेलात इतका भिजला होता, की मी तोच हातापायांना चोळला. मग मच्छरदाणी. खोलीत खुंटी एकच. दुसरं टोक खिडकीच्या गजाला, तिसरं दाराच्या कडीला, चौथ्याला काहीच नाही म्हणून बाबांची छत्री कोपऱ्यात उभी करून तिच्या मुठीला. बाबा आत शिरले, पाय ओढून घेताना छत्रीला लागला आणि सगळा डोलारा त्यांच्या अंगावर आला. जाळ्यातल्या माशासारखे ते आत धडपडत होते आणि हसत होते. इतकं हसताना मी त्यांना फार दिवसांनी पाहत होते.

आवाज ऐकून मालक आला. त्याने शांतपणे छतातले दोन हूक दाखवले, जे मी पाहिलेच नव्हते, आणि म्हणाला, "कोतुकु."

मला ऐकू आलं, कौतुक. मी म्हटलं, "हो, फारच आहे." त्याने कानाशी बोटं नेऊन गुणगुण केली, तेव्हा समजलं. त्यांच्या भाषेत डासाला कोतुकु म्हणतात. त्या दिवसापासून आम्ही दोघं डासांना कौतुकच म्हणू लागलो.

सकाळी शोध सुरू झाला. बाबांना पत्ता म्हणून एवढंच आठवत होतं, की समुद्राच्या धक्क्यापासून आत येणारा कालवा, त्याचा एक लहान फाटा आणि काठावर एक वाकडा माड. मालकाने चौकशी करून सांगितलं, की त्या बाजूला होडीवर काम केलेले तीन कुंजुरामन आहेत. पहिला निघाला माझ्या वयाचा. दुसऱ्याच्या दारात एक बाई पांढरं नेसून उभी होती. आमच्याबरोबर मालकाने दिलेला होडीवाला तिच्याशी बोलला आणि आमच्याकडे वळून त्याने मान हलवली. तिचा नवरा गेल्या पावसाळ्यात वारला होता.

बाबा खाली बसले. बाईने आतून फोटो आणला. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे नेला, खूप वेळ पाहिला. मला त्यांच्याकडे बघवेना.

"ह्यो तो न्हय," ते शेवटी म्हणाले. "आमच्या कुंजूचा कपाळ मोठा." मग त्या बाईला त्यांनी हात जोडले, आणि होडीत बसल्यावरही ते तिच्या दारापर्यंतचं पाणी बघत राहिले.

आलेप्पी, कुंजुरामनच्या घरी

तिसऱ्या घराशी वाकडा माड नव्हता. नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेलं लहान घर, पुढे काथ्याचं आवार. तिथे मी पहिल्यांदा त्या बायांना पाहिलं. एक बाई चाक फिरवते आणि दुसऱ्या दोघी कमरेच्या झोळीतला काथ्या बोटांनी सोडत मागे मागे चालत जातात. न बघता, पाठमोऱ्या, आवाराच्या टोकापर्यंत. तिथून परत येतात आणि पुन्हा मागे चालतात. जिथवर त्या चालतात तिथवर त्यांच्या हातांतून दोर निघतो. आमच्याकडेही काथ्या वळतात, पण मांडीवर, बसून. हे चालणं मी बघत राहिले.

पडवीत एक म्हातारा बाकावर बसला होता. कपाळ मोठं. बाबा होडीतून उतरले, काठी टेकत चार पावलं गेले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. म्हाताऱ्याने वर पाहिलं. ओळख पटल्याचं काहीच चिन्ह नाही. बाबांनी काठी भिंतीला लावली, दोन्ही हात डोक्यावर धरले आणि स्वतःभोवती तंबूसारखं काहीतरी बोटांनी रेखलं. मग त्या तंबूत आजारी माणूस झोपतो तशी मान वाकडी केली.

कुंजुरामन उठला. उठताना त्याचं मुंड बाजूला झालं आणि मी पाहिलं, त्याचाही पाय तसाच होता.

"दाजी," तो म्हणाला. बाबांना सगळे खलाशी दाजी म्हणत.

ते एकमेकांचे हात धरून उभे राहिले. त्यांची अर्धी भाषा मालवणी, अर्धी मल्याळी, काही दर्यावरची हिंदुस्थानी. इतक्या वर्षांत तिलाही गंज चढला होता. शब्द अडले की ते हातांनी बोलत. चाकावरची बाई उठून आली. ती कुंजुरामनची लेक, सरोजिनी. गावातल्या हिंदीच्या वर्गाला ती जात होती, त्यामुळे तिचं हिंदी माझ्या हिंदीपेक्षा शुद्ध होतं. तिने आम्हाला बाकावर बसवलं आणि शहाळी आणली.

बसताना बाबांचं फडकं सैल झालं होतं. ते सारखं करायला वाकले, तेवढ्यात कुंजुरामनची नजर गेली. त्याने बाबांचा हात बाजूला केला, फडकं स्वतः सोडलं आणि पायाकडे पाहत राहिला. मग त्याचा चेहरा बदलला. तो लेकीशी भराभर बोलू लागला. सरोजिनी मला सांगायला कचरत होती.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"ते विचारतायत," ती म्हणाली, "की त्या मच्छरदाणीला भोक होतं का. आजीला कमी दिसायचं. शिवताना कुठे जागा राहून गेली असेल. म्हणतायत, आमच्या घरी पाहुणा होता तो, आणि हा पाय आमच्याच घरातून घेऊन गेला."

मी बाबांना मालवणीत सांगितलं. आता ते काय म्हणतील, हे मला खरोखर ठाऊक नव्हतं. आईचं बोलणं त्यांनी इतकी वर्षं ऐकून घेतलं होतं, एकदाही नाही म्हटलं नव्हतं. त्यांना स्वतःला काय वाटतं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

बाबांनी कुंजुरामनच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तेका सांग, ह्या देणा आमच्या देवबागच्या डासांचा. मी घराक गेलंय, मगे खूप वर्सांनी झाला. तेच्या आवशीन शिवलेल्या मुंडात एक डास शिरूक नाय. माका शिवूक पण नाय."

मी सरोजिनीला सांगितलं. तिने बापाला सांगितलं. म्हातारा बाबांच्या तोंडाकडे बघत होता, खरं आहे का ते शोधत. बाबांनी मान हलवली आणि पुन्हा म्हणाले, या वेळी त्यांच्या त्या मोडक्या भाषेत, थेट त्यालाच: "अम्मा, बरां काम. एक कोतुकु नाय."

कुंजुरामनने डोळे पुसले. मग आपला पाय बाबांच्या पायाशेजारी ठेवला, दोन्ही पाय न्याहाळले आणि काहीतरी म्हणाला. सरोजिनी हसत हसत म्हणाली, "ते म्हणतात, तुमच्या गावचे डासही काही कमी नाहीत."

त्यानंतर आम्ही लॉज सोडला आणि त्यांच्याकडेच राहिलो. आलेप्पीत होतो तोवर बाबांनी फडकं बांधलं नाही. दोघे पडवीत पाय पुढे सोडून बसत, समोरून जाणाऱ्या होड्यांवर शेरे मारत. काठाकाठाने कुणी जाई, थांबे, बाबांची चौकशी करी. पायाकडे कुणी पाहिलं तरी जसं हाताकडे किंवा टोपीकडे पाहावं तसं.

मला सरोजिनीने गाव दाखवलं. समुद्रात लांब गेलेला लोखंडी धक्का, तांबडापांढरा दीपस्तंभ, आणि एका झापाखाली ठेवलेली शर्यतीची नाव, जिच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नव्हता. तिच्या घरी मी कालुंदर मासे खाल्ले, आमच्या खाडीत मिळतात तेच. पण आपण आमसूल आणि तिरफळ घालतो तिथे ते धुरात सुकवलेलं एक काळं आंबट फळ घालतात आणि मातीच्या भांड्यात ते कालवण दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवतात. पेज मात्र आपलीच, उकड्या तांदळाची. ती प्यायला फणसाचं पान दुमडून त्याचा चमचा करतात. घरी आल्यापासून मीही तसाच करते.

आणि डासांपासून जपायचं कसं, हेही मी तिच्याकडून शिकले. घरामागे तळं होतं. त्यावर लहान कोबीच्या गड्ड्यांसारखी हिरवी झाडं तरंगत. दिसायला फार सुंदर. सरोजिनी पदर खोचून पाण्यात उतरली आणि ती ओढून काठावर टाकू लागली. "डासांची पिल्लं यांच्या मुळांना चिकटून श्वास घेतात," ती म्हणाली. "झाड काढलं की ती मरतात. सरकारी माणसं येऊन शिकवून गेली. दर आठवड्याला सगळ्या घरांनी काढायची असं आम्ही ठरवलंय." मीही उतरले. झाड उलटं करून तिने मला त्या केसांसारख्या मुळ्या दाखवल्या. एवढ्या नाजूक जागी बसून एवढा रोग वाढत होता.

संध्याकाळी ती नारळाच्या सोडणांचा धूर करी, त्यात धूप टाकी, आणि दिवा लागायच्या आत सगळ्यांना जाळीत घाली. तिनेच सांगितलं, की रक्त तपासणारे लोक रात्री येतात, कारण या रोगाचे किडे दिवसा शरीरात कुठे खोल दडून बसतात आणि रात्री, डास चावायच्या वेळी, वर येतात. ज्याला डोळा नाही, कान नाही, त्या किड्याला रात्र झाल्याचं कुणी सांगितलं?

"तुझं रक्त तपासलं?" मी विचारलं.

"तपासलं. काही नाही निघालं." मग ती म्हणाली, "आजीने मला लहानपणापासून त्याच मुंडांच्या मच्छरदाणीत झोपवलं. तुझे वडील गावी परतले तरी तिने त्यांची शिवण उसवली नव्हती."

आमच्या निघायच्या दिवशी बोट धक्क्यावरून सुटली, पण कालव्यात तांदळाच्या होड्यांची गर्दी होती. बोट माणसाच्या चालीने पुढे सरकत होती. आम्ही निरोप घेतला होता, सरोजिनी घराकडे वळली होती. तेवढ्यात मी पाहिलं, कुंजुरामन काठावरच्या पायवाटेने आमच्याबरोबर चालत होता. एक हात माडांना टेकत, तो जड पाय उचलत, टाकत. आणि बोलत होता. बाबा कठड्याशी जाऊन बसले आणि तेही बोलू लागले. मला त्यातलं फार थोडं कळलं. वाऱ्याचं काहीतरी, कुठल्याशा तांडेलाचं काहीतरी, अम्माचं काहीतरी. घाईची बोलणी नव्हती ती. पडवीत बसून बोलावं तशी.

सगळा कालवाभर तो चालला. एक पूल आला तेव्हा तो पुलाखालून वाकून पुढे आला. वखारी संपल्या, घरं संपली, माड विरळ झाले. मग काठच संपला. तिथे खाडीत उतरायच्या दगडी पायऱ्या होत्या. तो त्या उतरला आणि शेवटच्या पायरीवर पाण्यात उभा राहिला. आमच्या बोटीला मोकळं पाणी मिळालं, यंत्राचा आवाज वाढला. तो अजून बोलत होता. हात वर करून नव्हे, नेहमीच्या आवाजात, आम्ही शेजारी बसल्यासारखा.

बाबा मान हलवत होते. "व्हय," म्हणत होते. "व्हय, व्हय."

"काय म्हणतात ते?" मी विचारलं.

"माका काय आयकाक येवक नाय," बाबा म्हणाले, आणि त्या पायरीकडे बघत पुन्हा म्हणाले, "व्हय."